‘काहीच घडत नाही’ म्हणण्याआधी: ‘द डॅम्ड’ कशी वाचावी आणि तिच्यावर प्रतिक्रिया कशी लिहावी

इंग्रज लेखक अल्जर्नन ब्लॅकवुडची ‘द डॅम्ड’ ही दीर्घकथा पहिल्यांदा वाचणारे बरेच जण पुस्तक मिटताना एकच वाक्य बोलतात: ‘अहो, पण यात काही घडतच नाही!’ मीही तेच म्हटलं होतं. वाचताना समासात पेन्सिलीने टिपणं करायची मला सवय आहे. त्या पहिल्या वाचनात मी तीन ठिकाणी ‘अजून काही नाही’ असं लिहून ठेवलंय. त्यातलं एक टिपण, कथेतल्या फ्रान्सेस या चित्रकार बाईच्या चित्रांचा प्रसंग येतो तिथे, अगदी त्याला खेटून आहे. म्हणजे कथेतली सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट डोळ्यांसमोर होती आणि मी पुढचं पान उलटून भूत शोधत होतो.

झपाटलेल्या घराच्या कथा खूप आहेत, पण घराला झपाटणारी गोष्ट म्हणजे धर्मवेड, अशी कथा क्वचितच सापडते. ही कथा नव्याने हातात घेणाऱ्यांसाठी आणि वाचून झाल्यावर तिच्याबद्दल चार ओळी लिहू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो: ‘काहीच घडत नाही’ ही प्रतिक्रिया खरी आहे, पण आपला विचार तिथे सुरू व्हायला हवा. बहुतेक जण तिथेच थांबतात.

पायरी पहिली: योग्य पुस्तक मिळवा

कथा १९१४ साली ‘इन्क्रेडिबल अ‍ॅडव्हेंचर्स’ या संग्रहात आली. संग्रहात पाच दीर्घकथा आहेत, त्यातली ही एक. ब्लॅकवुड १९५१ मध्ये वारले, त्यामुळे भारतात त्यांच्या लेखनावरचा कॉपीराइट संपलेला आहे आणि प्रॉजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावर ही कथा फुकट वाचायला मिळते. याच नावाची दुसरी पुस्तकं आहेत, चित्रपटही आहेत, म्हणून लेखकाचं नाव तपासून घ्या. संक्षिप्त आवृत्ती मात्र घेऊ नका. या कथेतून ‘अनावश्यक’ भाग काढला तर उरतो तो सांगाडा, आणि ज्याने आपला जीव घुसमटतो ते सगळं त्या काढून टाकलेल्या भागात असतं.

पायरी दुसरी: शीर्षकावर थांबा

इथे जरा वेळ घालवा. मराठी वाचकाची पहिली चुकामूक इथेच होते असं माझं मत आहे.

‘डॅम्ड’ म्हणजे देवाच्या निवाड्याने कायमचे नरकात धाडलेले. याला आपल्याकडे नेमका शब्द नाही. ‘शापित’ म्हणावं तर शाप कुणीतरी देतो आणि त्याला उःशाप असतो. ‘पापी’ म्हणावं तर पापाला प्रायश्चित्त आहे. ‘पतित’ म्हटलं की आपल्या कानात लगेच ‘पावन’ वाजतं, कारण आपल्याकडे देवाचं नावच पतितपावन आहे. पुराणातल्या नरकातही शिक्षा भोगून झाली की जीव पुन्हा जन्माला येतो. आपली सगळी शब्दसंपदा कुठे ना कुठे सुटकेचं एक दार उघडं ठेवते.

इंग्रजी शब्दात ते दार नाही. एकदा निवाडा झाला की झाला. आगीला शेवट नाही, अपील नाही, पुढचा जन्म नाही. त्यातही कथेतल्या घराचा मृत मालक सॅम्युएल फ्रँकलिन याच्या लेखी हा निवाडा माणसाने काय केलं यावर ठरत नाही. तो आपल्यासारखं मानतो की नाही, यावर ठरतो. भला, प्रेमळ, दानशूर माणूससुद्धा चुकीचं मानत असेल तर गेलाच. आणि हे मानणारा माणूस रात्री शांत झोपू शकतो.

हे मनात ठेवून कथा उघडा. नाहीतर ‘घरात वाईट शक्ती आहे’ एवढंच कळेल आणि ती शक्ती फिकी वाटेल.

पायरी तिसरी: काळाची थोडी ओळख

फार नको, एवढं पुरे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नरक कायमचा आहे की नाही यावर माणसांच्या नोकऱ्या जात होत्या. १८५३ साली एफ. डी. मॉरिस या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांना लंडनच्या किंग्ज कॉलेजमधलं पद गमवावं लागलं, कारण कायमच्या शिक्षेच्या रूढ कल्पनेवर त्यांनी शंका घेतली होती. १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिल या वरच्या न्यायसंस्थेने निकाल दिला, की दुष्टांनाही शेवटी क्षमा मिळेल अशी आशा बाळगणाऱ्या धर्मोपदेशकाला त्यासाठी दोषी धरता येणार नाही. त्यावर सुमारे ११ हजार धर्मोपदेशकांनी सह्या करून नरक कायमचाच आहे असं जाहीर केलं. क्षमेची आशासुद्धा सहन न होणारी माणसं किती होती, हे त्या आकड्यावरून कळतं. फ्रँकलिन ब्लॅकवुडने कल्पनेतून काढला असेल, पण हवेतून काढलेला नाही.

ब्लॅकवुडचा जन्म १८६९ चा, घर कट्टर इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि धर्मप्रचारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाचं. वडील सर स्टीव्हन्सन आर्थर ब्लॅकवुड हे टपाल खात्याचे सचिव आणि आपल्या काळातले नावाजलेले धर्मप्रचारक. अशा घरात या मुलाच्या हाती पतंजलीच्या योगसूत्रांचं इंग्रजी भाषांतर पडलं, आणि त्याचं जगच बदललं. ही हकीकत त्यांनी स्वतः १९२३ च्या आत्मकथनात सांगितली आहे. पुढे कॅनडात थिऑसॉफिकल सोसायटी, लंडनमध्ये गोल्डन डॉन ही गूढविद्येची संस्था, असा त्यांचा प्रवास झाला.

ही माहिती मिळाली की एक मोह होतो: फ्रँकलिन म्हणजे लेखकाचे वडील, असं लिहून मोकळं व्हायचं. कृपा करून तसं करू नका. ब्लॅकवुडने वडिलांबद्दल जिव्हाळ्यानेच लिहिलं आहे. ते वातावरण त्यांना आतून ठाऊक होतं, एवढंच म्हणता येतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

पायरी चौथी: दोन बैठकांत वाचा, आणि पुढच्या गोष्टींवर नजर ठेवा

कथेचा आराखडा थोडक्यात. निवेदक चाळिशी ओलांडलेला, एकटा, लेखन करणारा गृहस्थ. त्याची बहीण फ्रान्सेस चित्रकार. तिची जुनी मैत्रीण मेबल ही फ्रँकलिनची विधवा. ससेक्समधल्या ‘द टॉवर्स’ या अवाढव्य घरात ती या दोघांना राहायला बोलावते. बँकर नवरा मेला आहे, पण त्याचं घर तसंच उभं आहे. एवढं कळलं तरी वाचनाची मजा जात नाही.

एका बैठकीत संपवायला जाल तर दमाल. रोज चार पानं वाचाल तर दाब साचणार नाही. दोन संध्याकाळी हा माझा अनुभवाचा हिशोब.

पहिलं लक्ष निवेदकाकडे. पहिल्याच वाक्यात तो बहिणीला सांगतो, की मी चाळिशीपलीकडचा आहे आणि माझ्या सवयी ठरून गेल्या आहेत. हे वाक्य सहज वाटतं, पण तो माणूस स्वतःची खूण पटवून देतोय: मला हलवू नका. घराचा परिणाम होतोय हे मान्य करायला तो शक्य तितका उशीर करतो. आधी कंटाळ्याला दोष देतो, मग घराच्या कुरूप बांधणीला. बहिणीला ते केव्हाच कळलेलं असतं. तिच्या बोलण्यात येणाऱ्या खंडांवर, अर्धवट सोडलेल्या वाक्यांवर पेन्सिलीने खुणा करा. खरी कथा त्या खंडांतून पुढे सरकते.

दुसरं, फ्रान्सेसची चित्रं. ती नेहमीसारखी चित्रं काढायला बसते, पण कागदावर जे उतरतं ते किळसवाणं असतं. भाऊ ती बघतो आणि त्याला बोलायला शब्द सुचत नाहीत. इथे थोडं थांबून विचार करा: या बाईने काहीही भयंकर पाहिलेलं नाही, ऐकलेलं नाही. तिचा हात फक्त त्या घरात राहिला आहे. द्वेष जुना झाला की तो हवेत, मातीत, शेवटी हाताच्या वळणात कसा उतरतो, याचं याहून नेमकं चित्र मी दुसऱ्या भयकथेत पाहिलेलं नाही.

तिसरं, आवाज. खोलवर कुठेतरी अवजड दार आपटल्यासारखा आवाज येतो. दार उघडल्याचा नव्हे, बंद झाल्याचा. शीर्षकाबद्दल वर जे लिहिलं ते इथे आठवा.

बागेची, दालनांची वर्णनं येतील. ती लांब आहेत. पहिल्या वाचनात भराभर वाचलीत तरी चालेल, गाळू मात्र नका.

पायरी पाचवी: पहिली प्रतिक्रिया त्याच रात्री लिहा

दुसऱ्या कुणाचं मत वाचण्याआधी. पाच-सहा ओळी, कच्च्या. नंतर इतरांचं वाचलं की आपलं आणि त्यांचं वेगळं करता येत नाही.

कच्चं टिपण साधारण असं असतं: ‘खूप लांबली आहे. वातावरण चांगलं, पण वर्णनं कंटाळवाणी. भूत नाही. शेवट फुसका.’ यात खोटं काही नाही. फक्त प्रत्येक वाक्यात अजून एक प्रश्न दडलेला आहे आणि तो स्वतःला विचारायचा राहिला आहे. लांबली, ती कुठे? कंटाळा आला, तो पान वाचताना की काहीतरी होईल म्हणून वाट बघताना? हे दोन कंटाळे वेगळे आहेत. भूत नाही, पण भूत असतं तर बरं वाटलं असतं का? का?

माझ्या त्या टिपणाचं या प्रश्नांनंतर असं झालं: ‘निवेदक एकाच अस्वस्थतेकडे पुन्हा पुन्हा परततो, तिथे कथा लांबते. पण मी दर वेळी वाट बघत होतो. भूत दिसलं असतं तर सुटल्यासारखं वाटलं असतं. कथा ती सुटका देत नाही.’ हे लिहिलं आणि पेन थांबलं, कारण न संपणारी वाट बघणं हीच तर फ्रँकलिनच्या नरकाची व्याख्या आहे. तिथे काही घडत नाही. तिथे काही संपत नाही. वाचकाला दोन संध्याकाळ लेखकाने त्याच जागी बसवून ठेवलं होतं.

हा अर्थ तुम्हाला पटलाच पाहिजे असं नाही. पण तक्रारीतूनच तो निघाला, हे लक्षात घ्या. म्हणून पहिल्या टिपणातलं काही खोडू नका.

पायरी सहावी: इतर वाचक काय म्हणतात ते तोलून बघा

‘लांबट आहे’ हा आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. निवेदक तीच भावना नव्या शब्दांत सांगतो अशा जागा आहेत, आणि चांगल्या संपादकाने त्या कमी केल्या असत्या. हे मान्य केल्याने कथेचा मोठेपणा कमी होत नाही. एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराने भयसाहित्यावरच्या १९२७ च्या निबंधात ब्लॅकवुडला फार वरचं स्थान दिलं, या संग्रहाचं मनापासून कौतुक केलं, आणि तिथेच ब्लॅकवुडच्या लेखनाचे दोषही सांगितले: उपदेशाकडे झुकणं आणि गूढविद्येच्या परिभाषेचा अतिवापर. नव्याने लिहिणाऱ्याने हा नमुना समोर ठेवावा. दोष लिहायला घाबरू नये आणि दोष सापडला म्हणून कथा निकालात काढू नये.

मेबलबद्दलची मतं दोन टोकांची असतात. काहींना ती निर्जीव वाटते, ‘हिला पात्र म्हणावं का’ असं विचारतात. काहींना तिच्यात, रोज थोडं थोडं विझवलं गेलेलं माणूस दिसतं. मी दुसऱ्या बाजूचा आहे. मात्र निवेदक तिच्याकडे वरच्या पायरीवरून बघतो हे खरं आहे, आणि आजच्या वाचकाला ते खटकतं. खटकलं तर तसं लिहा. फक्त ते मत निवेदकाचं आहे की लेखकाचं, हे वाक्य दाखवून सिद्ध करा.

सगळ्यात अवघड प्रतिक्रिया धर्माबद्दलची. श्रद्धाळू वाचक दुखावून म्हणतो, की ही कथा धर्माविरुद्ध आहे. दुसरा आनंदाने म्हणतो, की हो, आणि बरंच झालं. मला दोघांनीही कथा अर्धीच वाचली असं वाटतं. फ्रान्सेसला हळूहळू उमगतं की घरात एकट्या फ्रँकलिनचा कडवेपणा साठलेला नाही. त्याच्याआधी त्या जागेवर वेगवेगळ्या श्रद्धांची माणसं राहून गेली आहेत आणि प्रत्येकाने आपल्यासारखं न मानणाऱ्यांना तितक्याच खात्रीने नरकात धाडलेलं आहे. थरावर थर. त्या थरांत कुठलाही एक पंथ गुन्हेगार नाही. भाव एकच आहे: दुसऱ्याच्या नाशाची खात्री, आणि त्या खात्रीत मिळणारं समाधान.

म्हणून प्रतिक्रिया लिहिताना ‘त्या लोकांचा धर्म असाच’ या सुराचं वाक्य लेखणीखाली आलं तर ते पुन्हा वाचा. ते वाक्य त्या घरात अगदी सहज मावेल. स्वतःच्या श्रद्धेच्या किंवा अश्रद्धेच्या बाजूने लिहायला काहीच हरकत नाही, मी तर म्हणेन की लिहावंच. या कथेवर तटस्थ राहून लिहिलेलं मला तरी कोरडं वाटतं. पण ‘धर्मवेड’ आणि ‘श्रद्धा’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. ‘धर्मांध’, ‘कडवा’, ‘सनातनी’, ‘श्रद्धाळू’ या प्रत्येक शब्दाचं वजन मराठीत वेगळं आहे. फ्रँकलिनला ‘श्रद्धाळू’ म्हणणं चूक, आणि त्याला ढोंगी म्हणणं त्याहून मोठी चूक. तो बोलतो ते मनापासून मानतो. भीती वाटते ती याचीच.

पायरी सातवी: काय सांगायचं, काय राखून ठेवायचं

घर, माणसं, चित्रं, आवाज, थरांची कल्पना: एवढं लिहिलं तर चालतं. शेवटाबद्दल गप्प बसा. मीही इथे बसलो आहे. शेवटावर मतभेद आहेत, एवढं सांगता येईल. शेवटाची चर्चा करायचीच असेल तर ती वेगळी लिहा आणि वर तसं नोंदवा.

‘भीतिदायक आहे का?’ हा प्रश्न हमखास येतो. दचकवणारी नाही, असं स्पष्ट सांगून टाका. ज्याला दचकायचं आहे त्याची फसवणूक होऊ नये. अशा फसलेल्या वाचकाचाच राग पुढे कथेवर निघतो.

चार जण मिळून वाचत असाल तर चर्चेआधी चित्रांचा प्रसंग कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा. मतांच्या आधी मजकूर सगळ्यांच्या कानावर पडतो आणि ‘मला वाटलं’ऐवजी ‘इथे असं लिहिलंय’ अशी सुरुवात होते. ज्याला कथा आवडली नाही त्याला पहिल्यांदा बोलू द्या. आवडलेली माणसं आधी बोलली की न आवडलेला गप्प बसतो, आणि या कथेबद्दलचे उत्तम प्रश्न त्याच्याकडेच असतात.

पायरी आठवी: दुसरं वाचन

काही महिने जाऊ द्या. मग पूर्ण कथा वाचायची गरज नाही. वही घ्या आणि मेबल स्वतः जी वाक्यं बोलते तेवढीच क्रमाने उतरवून काढा. निवेदक तिच्याबद्दल जे सांगतो ते सोडून द्या. तिच्या तोंडचं तेवढंच. मी हे केलं तेव्हा ती वाक्यं इतकी थोडी, इतकी सभ्य आणि कुणाचीच नसल्यासारखी निघाली, की वही वाचताना त्या घराची भीती मला पहिल्यांदा वाटली.